शिंपल्यांची तावदाने

युरोप पाहून आलेला माणूस ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. त्याच्यापुढे चहा ठेवावा. तो कपाकडे पाहून हलकासा सुस्कारा टाकतो आणि "व्हिएन्नाला आम्ही कॉफी घेतली होती, तिची सर..." अशी सुरुवात करतो. आमच्या स्टाफरूममध्ये असे दोन गृहस्थ आहेत. एकाने बारा दिवसांत नऊ देश पाहिले. दुसऱ्याने तेवढ्याच दिवसांत सातच पाहिले, त्यामुळे तो स्वतःला अधिक चोखंदळ समजतो. दोघांच्या गप्पा ऐकून ऐकून अरुंद गल्ल्या, सज्जातल्या कुंड्या, पहाटे येणारा पाव भाजल्याचा वास हे सारे मलाही तोंडपाठ झाले आहे. प्रत्यक्ष जाणे मात्र मराठीच्या प्राध्यापिकेच्या पगारात बसणारे नव्हे. (हा 'पगार' शब्द वाचकांनी जरा लक्षात ठेवावा, पुढे त्याच्याशी काम आहे.)

तरीही गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एक युरोपी शहर पाहून आले. पासपोर्ट लागला नाही, लोकरीचे कपडेही लागले नाहीत. सौंदडहून गोंदिया, गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने करमळी, आणि पुढे थोडा वेळ बस. त्या बसमधून उतरले ते पणजीला. सौंदड कुठे आले, असे पुण्या-मुंबईचे वाचक विचारतीलच. गोंदिया जिल्हा, सडक अर्जुनी तालुका. मुंबईहून कोलकात्याला जाणारा हमरस्ता गावावरून जातो. भाताची शेते, तलाव आणि जवळच नागझिऱ्याचे जंगल. आमच्या गावच्या माणसाला समुद्र म्हणजे नवेगाव बांधापेक्षा थोडे मोठे पाणी, एवढीच कल्पना असते.

यांच्या एका जुन्या मित्राचे बिऱ्हाड पणजीत मळा भागात आहे. "हॉटेलात उतरलात तर ओळख ठेवणार नाही," असा त्यांचा दम आल्यामुळे आम्ही तिघे, म्हणजे हे, मी आणि कॉलेजात जाणारी आमची लेक, चार दिवस त्यांच्याकडेच होतो.

करमळीहून पणजीला येणारा रस्ता रायबंदरवरून येतो. उजव्या हाताला मांडवी, डाव्या हाताला खाजणे आणि मिठागरे, आणि मधून सुमारे तीन किलोमीटर लांबीचा दगडी बांध. हा बांध 1633-34 साली लिन्यारिश नावाच्या व्हाइसरॉयने घातला आणि आजही त्याच्यावरून वाहतूक चालते. तलावाच्या पाळीवर लहानपण गेलेल्या मुलीला बांधाचे अप्रूप वाटू नये, पण मला वाटले. आमच्याकडे कोहळी लोकांनी पाळ घालून गोडे पाणी अडवले आणि भात पिकवला. गोव्यात बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवले आणि भात पिकवला. खाडीचे पाणी सोडण्या-अडवण्याच्या त्या दारांना तिकडे 'मानस' म्हणतात. वर्गात 'मानस' शब्दाचा अर्थ सांगताना आता माझ्या डोळ्यांपुढे आधी झडप येते.

पणजी हे शहरही असेच पाण्याकडून मिळवलेले. पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 साली, पण त्यांची राजधानी मांडवीच्या काठानेच पण आत, आज आपण जुने गोवे म्हणतो तिथे होती. रोगराईने ते शहर पोखरले. 1759 साली व्हाइसरॉय आपला मुक्काम हलवून पणजीला आदिलशहाच्या जुन्या वाड्यात राहायला आला, आणि 1843 साली पणजी रीतसर राजधानी झाली. मधल्या काळात, 1830च्या आसपास, दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या राज्यपालाने दलदली बुजवून सरळ रस्ते आखले. तो आदिलशाही वाडा अजून मांडवीकाठी उभा आहे. शेजारी आबे फारियाचा पुतळा. कांदोळीत जन्मलेला हा गोवेकर पाद्री पॅरिसला जाऊन संमोहनविद्येचा आचार्य झाला. पुतळ्यात तो एका स्त्रीवर हात पसरून उभा आहे. आमच्या लेकीने त्याच्याखाली उभे राहून झोप लागल्याचे सोंग केले आणि फोटो काढून घेतला.

पण ज्यासाठी लोक पणजीला युरोपी शहर म्हणतात ते फोन्ताइन्यास. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याला एक झरा आहे, त्याच्यावरून हे नाव. टेकडी आणि खाडी यांच्यामध्ये ही आळी अंग चोरून बसली आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या सज्जातल्या बाईकडे साखरेची वाटी हाताने देता यावी. घरे एकाला एक लागून. कुणी पिवळे, कुणी निळे, कुणी विटकरी, आणि खिडक्या-दारांना पांढरी किनार. वर मंगळुरी कौले, क्वचित कौलांच्या टोकाला मातीचा कोंबडा. दाराशेजारी निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीवर घराचे नाव. पोर्तुगीज अमदानीत दर पावसाळ्यानंतर घर रंगवलेच पाहिजे असा दंडक होता आणि शुभ्र पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता, असे तिथले लोक सांगतात. आमच्याकडेही पोळ्यानंतर भिंतींना हात फिरवल्याशिवाय दिवाळी येत नाही, त्यासाठी सरकारी दंडक लागला नाही एवढेच.

ही आळी वसवली कोणी? मी मनात एखादा पिसाची टोपी घातलेला कप्तान धरून चालले होते. निघाला एक गोवेकरच. मोझांबिकला जाऊन पैसा कमावून आलेला, म्हणून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या माडांच्या बागेत ही वस्ती सुरू झाली. ते कळल्यावर त्या घरांकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले. नक्षा लिस्बनचा असेल, पण भिंत इथल्या जांभ्या चिऱ्याची, गिलावा इथल्या चुन्याचा, लाकूडकाम इथल्या सुताराचे. आणि खिडक्या तर थेट इथल्या खाडीच्या.

त्या खिडक्यांविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काच महाग आणि दुर्मिळ होती, तेव्हा गोव्यातल्या सुतारांनी चपट्या, पातळ शिंपल्या चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ओळीने बसवल्या आणि त्यांची तावदाने केली. बाहेरून ती खिडकी करडी, निर्जीव दिसते. आत गेले की उलगडा होतो. दुपारचे एक वाजलेले, बाहेर डोळे दिपवणारे ऊन, आणि खोलीत साय धरलेल्या दुधासारखा प्रकाश. ऊन गाळून घेतल्यासारखा. बाहेरचे काही दिसत नाही आणि बाहेरच्याला आतलेही काही दिसत नाही.

मी आत गेले कशी, तर यजमान वहिनींच्या ओळखीने. फोन्ताइन्यासमध्ये त्यांच्या परिचयाच्या एक वृद्ध बाई राहतात. एका निळ्या घराच्या बाल्कांवावर त्या बसल्या होत्या. बाल्कांव म्हणजे दारापुढची झाकलेली ओसरी. दोन्ही बाजूंना चुन्याच्या गुळगुळीत बैठका, मध्ये पायऱ्या. संध्याकाळी तिथे बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची. आमच्या झाडीत याला छपरी म्हणतात आणि तिथे बसून लोक अगदी हेच करतात. बाईंनी "यो गो, बस" म्हटले आणि मला माहेरी आल्यासारखे वाटले.

बाई गप्पिष्ट होत्या. त्यांची कोकणी आणि माझी वऱ्हाडी-झाडी वळणाची मराठी, दोन्ही अर्ध्या वाटेवर भेटत होत्या. त्यांची दोन मुले परदेशात. घराला वाटेकरी अकरा, त्यांतले सहा लिस्बनला. डागडुजी करायची तर अकरा सह्या. समोरचे पिवळे घर त्याच कारणाने बंद होते. त्याच्या छपरातून पिंपळाचे रोप डोकावत होते. "दर वर्सा नळे परतूंक जाय, पूण मनीस मेळना," त्या म्हणाल्या. नळे म्हणजे कौले. दरवर्षी पावसाआधी ती उलटीपालटी करून बसवावी लागतात, पण ते काम जाणणारा माणूस आता मिळत नाही. शिंपल्यांचे तावदान फुटले तर जागा भरायला शिंपली मिळत नाही. त्यांच्या एका खिडकीत ओळीने चार ठिकाणी काच बसवलेली होती, कवळीसारखी.

आम्ही बोलत असतानाच तीन मुली आणि एक छायाचित्रकार आले. त्यांनी न विचारता पायरीवर बस्तान मांडले, एकीने तर टोपी बदलण्यासाठी आपली पिशवी बाईंच्या बैठकीवर ठेवली. बाईंनी बोटाने भिंतीवरची पाटी दाखवली: इथे लोक राहतात, फोटो काढू नयेत. अशा पाट्या त्या आळीत बऱ्याच आहेत. मुली हसून पुढच्या घराकडे गेल्या. आमच्या लेकीने आपला मोबाइल हळूच पर्समध्ये टाकलेला मी पाहिला.

आणि नेमक्या त्या वेळी सौंदडहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, कंत्राटदार आला आहे. घर पाडून स्लॅबचं करायचं म्हणतो मी. तुझी सही लागते." कायद्याने लेकीला माहेरच्या घरात वाटा मिळाला, त्याची आठवण भावांना सहीच्या वेळी हटकून होते. तसे त्याचे चुकत नव्हते. आमचे घर मातीच्या भिंतींचे, सागाच्या खांबांचे आणि वर कवेलूंचे. उन्हाळ्यात गार, पण दरवर्षी कवेलू फेरायची. वानरांच्या टोळ्या छपरावरून दौडत जातात आणि एका दौडीत महिन्याची कमाई फोडतात. फेरणारा माणूस मिळत नाही. म्हणजे भाऊ मराठीत जे सांगत होता तेच समोरच्या बाई कोकणीत सांगत होत्या. मी "आल्यावर बोलू" म्हणून फोन ठेवला. बाईंनी विचारले, तेव्हा त्यांना हकीकत सांगितली. त्यांनी सल्ला काही दिला नाही. फक्त विचारले, "तुमच्याकडे पाडलेल्या खांबांचे काय करतात?" मी म्हटले, विकतात. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही."

दुसऱ्या दिवशी जुने गोवे पाहिले. केवढी ती मंदिरे, केवढे ते सोनेरी देव्हारे! 1986 पासून ती जागतिक वारसा म्हणून नोंदलेली आहेत. पण खरे सांगायचे तर मला तिथे करमले नाही. चर्चच्या भोवती हिरवळ आहे, शहर नाही. जिथे बाजार भरत होता, घरे होती, तिथे माड आणि झुडपे. सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव जिथे आहे त्या बॉम जेझूच्या बाहेरच्या भिंती लालभडक जांभ्याच्या दिसतात आणि प्रवासी त्या रंगाचे कौतुक करतात. मूळचे रूप ते नव्हेच. 1950च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुविशारदाने जुनेपणा खुलून दिसावा म्हणून चुन्याचा गिलावा खरवडून काढला, आणि तेव्हापासून पाऊस तो सच्छिद्र दगड झिजवतो आहे. गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर वाद चालू आहे. म्हाताऱ्या माणसाचे वय दिसावे म्हणून त्याचे पांघरूण काढून घेण्यासारखेच हे.

याच भूमीचे एक ऋण आम्हा मराठी शिकवणाऱ्यांवर आहे. फादर स्टीफन्स हा इंग्रज पाद्री 1579 साली गोव्यात आला आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली. 'ख्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला छापले गेले; तुकोबा तेव्हा देहूत लहान मूल होते. त्याच शतकात, त्याच गोव्यात, देवळे पाडली जात होती आणि 1560 पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते, ते कायमचे उठले 1812 साली. फोन्ताइन्यासच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचे छोटे कपेल आहे. तिथला क्रूस पूर्वी त्या न्यायासनाच्या वाड्यात होता. क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे सहसा मिटलेले आणि मान कललेली असते. इथे मान ताठ आहे आणि डोळे उघडे. आरोपींना जरब बसावी म्हणून तसे घडवले असे सांगतात. कपेलातून बाहेर पडून मान वर केली की टेकडीवर मारुतीचे केशरी देऊळ दिसते. रंगीत घरांच्या कौतुकात हेही दोन्ही पाहून घ्यावे. पणजीच्या एका रस्त्याचे नाव '31 जानेवारी' आहे, 1891 साली पोर्तो शहरात झालेल्या उठावाच्या आठवणीचे. दुसऱ्याचे '18 जून', 1946 साली मडगावात डॉ. लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली त्या दिवसाचे. पहिल्या रस्त्यावर जुनी बेकरी आहे, दुसऱ्यावर कपड्यांची दुकाने, आणि दोन्हीकडे गर्दी सारखीच.

आता जेवणाकडे वळते, नाहीतर आमचे हे म्हणतील की चार दिवस जे सर्वांत मनापासून केले तेच लिहायचे राहिले.

पणजीची पहाट होते ती भोंग्याच्या आवाजाने. पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर मोठी टोपली बांधून, रबरी भोंगा वाजवत गल्लीत येतो. टोपलीत चौकोनी पाव, कडक उंडे, बांगडीच्या आकाराची काकणे आणि कोंड्याची, पोटात पोकळ अशी पोई. पाव भाजायची विद्या पोर्तुगीजांची, पण यीस्ट मिळेना तेव्हा इथल्या लोकांनी माडाची सूर घालून पीठ फुगवले. आता बहुतेक भट्ट्यांत सुरेऐवजी यीस्टच असते. वहिनी म्हणाल्या, की भट्टीवर रात्रभर जागायला आता घरची पोरे तयार नसतात. हेही गाऱ्हाणे ओळखीचे.

दुपारी शीत-कडी. लाल जाड तांदळाचा भात आणि नारळाचे आंबट-तिखट कालवण. आम्ही धान पिकवणारी माणसे, भाताशी आमची सोयरीक जुनी, त्यामुळे लेकीने तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा वहिनींनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. काफ्रिअल नावाचे हिरव्या वाटणाचे कोंबडीचे पक्वान्न मोझांबिकहून आले, त्या मोसमीकाराच्याच वाटेने म्हणा ना. आणि विंदालू! यांनी हॉटेलात ते मागवून बराच वेळ त्यात बटाटा शोधला. त्यात आलू नसतोच. पोर्तुगीजांत 'व्हिन्य' म्हणजे द्राक्षाची दारू आणि 'आल्यु' म्हणजे लसूण. दारूत व लसणात मुरवलेले मांस, त्याचे हे गोव्याच्या शिरक्यात आणि मिरचीत नाहून निघालेले रूप. बटाटा शोधणाऱ्या माणसाला मी एवढेच सांगितले की 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांनीच आणला आहे.

आणि इथे तो 'पगार' आला. पगार, चावी, बिजागरी, बादली, परात, घमेले, फीत, लिलाव, तुरुंग; पाव, कोबी, काजू, पेरू, अननस. सगळे पोर्तुगीज जहाजांतून उतरले आणि घाट चढून, विदर्भ ओलांडून सौंदडच्या आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आले. माझ्या आजीने गोवा नकाशातही पाहिला नव्हता, पण तिच्या कमरेला चावी होती आणि तिच्या परातीत पीठ मळले जात होते. स्टाफरूममधल्या त्या दोन गृहस्थांना हे मी अजून सांगितलेले नाही. योग्य वेळेची वाट पाहते आहे.

नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजीत कोणी झोपत नाही. गल्लोगल्ली गवत, बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ नरकासुर उभे असतात आणि पहाटेच्या आधी ते जाळतात. हल्ली त्यांच्यापुढे कानठळ्या बसवणारे कर्णे लावतात. त्याने असुर मरत असेल तर मला नवल वाटणार नाही. मग अभ्यंगस्नान, तुळशीपुढे कारीट फोडणे, आणि फराळाला पोहे. एका ताटात पोह्यांचे किती प्रकार असावेत? दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले गुळाचे, बटाट्याचे. दिवाळीच्या पहिल्या घासाला नव्या भाताचा मान, ही रीत तिथेही आहे हे पाहून बरे वाटले. तेवढ्यात फोन्ताइन्यासच्या त्या बाईंकडून एक डबा आला. आत बेबिंका. अंड्यांचे बलक, नारळाचे दूध, साखर, तूप आणि मैदा यांचे पातळ थर. एक थर वरून विस्तव ठेवून भाजायचा, तो झाला की त्यावर दुसरा ओतायचा, असे सात तरी. वहिनी सांगत होत्या की यात अर्धा दिवस जातो. मी उलट अनारशांच्या तांदळाची तीन दिवसांची गोष्ट सांगितली. रिकामा डबा परत करू नये म्हणून त्यात सौंदडहून नेलेले अनारसे भरून पाठवले.

परत आल्यावर माहेरी गेले. भाऊ, भावजय, आई आणि मी छपरीत बसलो. शेजारचे काका आले, त्यांनी न विचारता मत दिले: "थंडं रायते जी मातीचं घर, पण कवेलू कोण फेरते?" प्रश्न तोच होता. दोन तास घासाघीस झाली. भावजयीचे म्हणणे मला सर्वांत पटले: पावसाळ्यात गळती खाली भांडी मांडायला तीच असते, मी नसते. अखेर असे ठरले की मागच्या तीन खोल्या पाडून स्लॅबच्या करायच्या, आणि समोरची छपरी, मोठे दार, सागाचे आठ खांब व त्यांच्यावरची कवेलू राहू द्यायची. आईला छपरी राहिल्याचा आनंद झाला, भावाला स्लॅब मिळाल्याचा. दरवर्षी कवेलू फेरण्याचा खर्च माझा, असे भावाने त्याच कागदाच्या खाली स्वतःच्या हाताने लिहिले आणि मग मी सही केली. फेरणारा माणूस भावजयीनेच अर्जुनीहून शोधून आणला. तो साठीच्या पुढचा आहे, पण एक नातू बरोबर आणतो आणि त्याला छपरावर चढवून खालून सूचना देतो. यंदाची मजुरी मे महिन्याच्या पगारातून गेली. वानरांशी मात्र अद्याप कोणताही करार झालेला नाही.